मातीची परीक्षा आणि रक्ताची परीक्षा

गेल्या ऊसतोडीच्या हंगामांत वाळवें तालुक्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं दुखवट्यास जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. गृहस्थांचें वय अवघें ४८. बारा एकर बागायत, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर, सोसायटीचें कर्ज वेळच्या वेळीं फेडणारा माणूस म्हणून गांवांत मान. व्यसन म्हणावें तर जेवणानंतरच्या तंबाखूचें, आणि त्यास आपल्याकडे कोणी व्यसन म्हणत नाहीं. पहांटे त्यांच्या छातीच्या खालच्या बाजूस व जबड्यांत कळा येऊं लागल्या, अंगास दरदरून घाम सुटला. पित्त उसळलें असें समजून घरच्यांनीं सोडा पाजला, पाठीस तेल चोळलें आणि उजाडण्याची वाट पाहिली. उजाडल्यावर गाडी निघाली, परंतु दवाखाना येण्यापूर्वींच सर्व आटोपलें होतें.

तेराव्यानंतर वारसनोंदीच्या कामासाठीं त्यांच्या थोरल्या मुलानें वडिलांची कागदपत्रांची पिशवी आमच्यापुढें ओतली. सातबारे, खाते उतारे, सोसायटीचीं पासबुकें, ऊसबिलाच्या पावत्या, आणि चार गटांच्या मिळून सहा जमीन आरोग्य पत्रिका. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, जस्त, लोह असे सारे आंकडे त्यांत होते. जेथें आंकडा बिघडलेला होता तेथें तांबड्या शाईची खूण, व शेजारीं काय उपाय केला याची स्वतःच्या हातची नोंद. पिशवींत रक्ताच्या तपासणीचा एकहि कागद नव्हता. रक्तांतील कोलेस्टेरॉल किती, रक्तदाब किती, साखर किती, हें ४८ वर्षांत कोणींहि पाहिलें नव्हतें.

आमच्या बहुतेक सभासदांची पिशवी अशीच असावी असें आम्हांस वाटतें. म्हणून या अंकीं बी-खतांचा विषय मागें ठेवून हा घेतला आहे.

शेतकऱ्यास हृद्रोग होत नाहीं, तो शहरांतील बैठ्या लोकांचा रोग आहे, हा समज सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत फार दृढ आहे. एके काळीं त्यांत तथ्य होतें. मोट हांकणारा, दिवसभर नांगरामागें चालणारा, बाजारास आठ-दहा मैल पायीं जाऊन येणारा शेतकरी खाल्लेलें जिरवीत असे. पुढें १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडलच्या माळावर कारखाना घातला. लोखंडी नांगर व पंप शेतावर आले. कोयनेची वीज आली. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचें पाणी दुष्काळी टापूंत चढलें. हें सारें इष्टच झालें, त्यानें आपली पाठ वांचली. आज मोटार मोबाईलवरून सुरू होते, नांगरट ट्रॅक्टर करतो, तोड टोळी करते, भांगलण मजूर बाया करतात, आणि मालक बांधापर्यंत मोटारसायकलीवरून जातो. कष्ट गेले, जेवण मात्र मोटेच्या काळचेंच राहिलें, किंबहुना वाढलें.

यावर "आमचे आजोबा वाटीभर तूप पीत आणि ऐंशी वर्षें जगले" हें उत्तर प्रत्येक बैठकींत ठरलेलें असतें. जे ऐंशी वर्षें जगले तेच आठवणींत राहिले, हें सांगणारा विसरतो. १९५१ च्या सुमारास भारतांतील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. प्लेग, १९१८ ची तापाची साथ, हिंवताप, बाळंतरोग यांच्या तावडींतून सुटून हृद्रोगाच्या वयास पोंचणारेच थोडे. आणि जो पन्नाशींत छातींत कळ येऊन गेला, त्याच्या मृत्यूचें कारण लिहून ठेवणारा त्या वेळीं गांवांत कोण होता?

आतां मोजदाद झालेली आहे. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचें मधलें वय इतर जगांत सुमारें ५९, तर आपल्या दक्षिण आशियांत ५३ आहे. म्हणजे आपल्याकडे तो सहा वर्षें आधीं येतो. आणि शेतकरी कुटुंबांत तीं सहा वर्षें म्हणजे मुलाचें शिक्षण, मुलीचें लग्न व विहिरीचें कर्ज यांचीं वर्षें होत. त्याच पाहणीनें दाखविलें कीं तंबाखू, बिघडलेले मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर इत्यादि अवघीं नऊ कारणें मिळून दहांतील नऊहून अधिक धोका समजावून देतात. नशीब, पत्रिका, करणी यांस फारशी जागा उरत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं बाहेर आले. त्यांत विसाच्या वरच्या दर चार माणसांपैकीं जवळजवळ एकाच्या रक्तांत कोलेस्टेरॉल वाजवीपेक्षां अधिक निघालें. शहरांत प्रमाण अधिक आहे हें खरें, परंतु खेडें त्यांतून सुटलेलें नाहीं.

कोलेस्टेरॉल हें विष नव्हे. शरीरांतील प्रत्येक पेशीस तें लागतें, आणि त्याचा मोठा भाग आपलें यकृतच तयार करतें. रक्त पाण्यासारखें व कोलेस्टेरॉल मेणासारखें, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहींत. म्हणून निरनिराळ्या प्रकारच्या कणांतून त्याची वाहतूक होते. त्यांपैकीं ज्यास एलडीएल म्हणतात तो कण प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे धमन्यांच्या अस्तरांत शिरून तेथें सांचूं लागतो. लोक त्यास खराब कोलेस्टेरॉल म्हणतात. एचडीएल नांवाचा दुसरा कण आहे. तो कमी असणें हें वाईट लक्षण समजतात, व आपल्या लोकांत तो बहुधा कमीच असतो. तिसरा आंकडा ट्रायग्लिसराईडचा. तो आपल्याकडे बहुधा चढलेला.

हें सांचणें कसें होतें तें कृष्णाकांठच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. वाळवें, पलूस, मिरज या तालुक्यांतील क्षारपड जमिनी आपण डोळ्यांनीं पाहिल्या आहेत. उसास पाणी भरपूर दिलें, खत भरपूर दिलें, निचऱ्याकडे पाहिलें नाहीं. पहिलीं दहा वर्षें उतारा उत्तम आला. जो सावध करी त्यास आपण हंसलों. आंत क्षार चढत होता तो दिसत नव्हता. ज्या दिवशीं मातीवर पांढरा थर दिसला त्या दिवशीं तो रोग सुरू झाला नव्हता, तर पंधरा-वीस वर्षें मुरून वर आला होता. मग सच्छिद्र नळ्या गाडून निचरा करण्याचा खर्च, आणि तोहि करून जमीन पूर्वस्थितीवर येण्यास लागणारा काळ, हें ज्यांनीं सोसलें त्यांनाच ठाऊक. रक्ताचें तसेंच आहे. एलडीएल किती आहे एवढ्यानें धोका ठरत नाहीं. तो किती वर्षें तसा आहे यानेंहि ठरतो. तिसाव्या वर्षीं वाढलेला आंकडा पंचेचाळिसाव्या वर्षीं आपली थकबाकी व्याजासह वसूल करतो, आणि मधल्या काळांत दुखत नाहीं, खुपत नाहीं, भूक जात नाहीं. "मला कांहीं होत नाहीं, मग तपासूं कशाला?" हा प्रश्न पांढरा थर दिसल्यावरच माती तपासण्यासारखा आहे.

येथें उपमा थोडी अपुरी पडते तें सांगितलें पाहिजे. ठिबकच्या नळींत क्षार धरून ती हळूहळू बंद होते, तशीच हृदयाची धमनी बंद होत असेल असें पुष्कळांस वाटतें. व चढण चढतांना धाप लागली नाहीं म्हणजे नळी मोकळी आहे असा ते निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षांत धमनीच्या अस्तरांत धरलेला तो मेदाचा फुगवटा एखाद्या वेळीं फुटतो, त्यावर रक्ताची गांठ जमते, आणि अर्धीहून अधिक मोकळी असलेली वाट कांहीं मिनिटांत पूर्ण बंद होते. म्हणूनच काल नांगरट करून आलेला माणूस आज पहांटे जातो. त्यास आधीं सूचना मिळत नाहीं असें नव्हे. सूचना रक्ताच्या कागदावर मिळते, शरीरावर मिळत नाहीं.

आतां आहाराकडे वळूं. येथें आमचें मत कित्येकांस रुचणार नाहीं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचें मूळचें जेवण उत्तम होतें. ज्वारीची भाकरी, घेवडा, पावटा, हरभरा, मटकी, शेंगदाण्याची चटणी, ताक, पालेभाजी व कच्चा कांदा, यांत हृदयास अपाय करणारें फारच थोडें आहे. शेंगदाण्यांत कोलेस्टेरॉल असतें ही समजूत निखालस खोटी आहे. कोणत्याहि वनस्पतींत तें जवळजवळ नसतेंच. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलविरहित' असें मोठ्या अक्षरांत छापणारा व्यापारी खोटें बोलत नाहीं, परंतु जें कधींच नव्हतें तें काढून टाकल्याचा आव आणतो. पाहावयाचें तें निराळें आहे. तुपांत, लोण्यांत, पामतेलांत व खोबरेलांत संपृक्त मेद अधिक असतात, आणि ते एलडीएल वाढवितात. तुपांतील मेदांपैकीं शेंकडा ६० हून अधिक, पामतेलांतील सुमारें निम्मे, भुईमुगाच्या तेलांतील साधारण पंचमांश, आणि करडईच्या तेलांतील दहांश किंवा त्याहूनहि कमी संपृक्त असतात. वनस्पति तुपांतील ट्रान्स मेद तर सर्वांत वाईट; त्यांचें प्रमाण शेंकडा २ च्या आंत ठेवण्याचा नियम १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आला आहे, परंतु त्याच त्या तेलांत पुनःपुन्हां तळणाऱ्या गाड्यावर नियम कोण पाहतो?

आपण केलें काय? कराडच्या संशोधन केंद्रानें भुईमुगाच्या जाती दिल्या. त्या भुईमुगाच्या रानांत आज सोयाबीन व ऊस उभा आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची करडई कमी झाली. गांवचा घाणा मोडला. शेंगा बाजारांत, आणि घरांत पामतेलाची पिशवी, असा हा व्यवहार झाला. कोरेगांवच्या वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तो उत्तर हिंदुस्थानांत मोठ्या चवीनें खाल्ला जातो. आणि ज्याच्या रानांत तो पिकतो त्याच्या घरीं पाहुण्यापुढें फरसाणाची बशी येते. घेवड्यांतील विद्राव्य तंतू एलडीएल थोडा खालीं आणतात, फरसाण त्याच्या उलट करतें. सातारचे कंदी पेढे व सांगलीचें भडंग यांवर आमचा राग नाहीं; पाहुणा आला तर पेढा द्यावा. परंतु रोज संध्याकाळीं वहीच्या कागदावर भडंग घेऊन पारावर बसणें हें पाहुणचारांत येत नाहीं.

तेलाचा हिशेब प्रत्येकानें घरीं मांडून पाहावा. बैठें काम करणाऱ्यास दिवसास २५ ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरे, असें पोषणशास्त्रज्ञ सांगतात. पांच माणसांच्या घरास महिन्यास साडेचार किलो झालें. म्हणजे १५ किलोचा डबा तीन महिन्यांहून अधिक पुरावयास हवा. तो किती दिवसांत संपतो, हें घरांतील बाईस विचारावें. आमच्या स्वतःच्या घरीं तो सहा आठवड्यांत संपत असे, हें कबूल करण्यास संकोच वाटत नाहीं.

गुळाविषयीं लिहितांना हात थोडा आंखडतो, कारण वाचकांपैकीं निम्मे ऊसवाले आहेत. साखर वाईट पण गूळ औषधी, असें आपण सांगत आलों. गुळांत लोह व क्षार थोडे अधिक असतात, परंतु मुख्यतः ती साखरच आहे, आणि ती अधिक झाली म्हणजे यकृत तिचें रूपांतर मेदांत करतें. ट्रायग्लिसराईड चढतें तें तेथून. दारूनेंहि तेंच होतें. विकण्यास गूळ कितीहि करावा, खाण्यास खड्याएवढा. मांसाहाराविषयीं एवढेंच कीं आखाडांतलें किंवा जत्रेंतलें मटण वर्षांतून चार वेळां होतें; तें चार वेळांच असेल तर कोणाचें बिघडत नाहीं. दर रविवारीं आणि चरबीच्या तवंगासह असेल तर बिघडतें. तंबाखू मात्र थोडी चांगली आणि फार वाईट अशी नाहीं. ती तोंडांत धरा, मिसरीनें दांतांस लावा किंवा विडींतून ओढा, धमनीस अपायच करते. कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठीं औषध घेऊन गालांत बार धरणारे पुष्कळ आहेत. एका मोटेनें पाणी काढून दुसऱ्या वाटेनें विहिरींत सोडण्याचाच तो प्रकार होय.

आहार सुधारला, रोज अर्धा-पाऊण तास झपाट्यानें चाललें, पोटाचा घेर कमी केला, तर एलडीएल साधारणतः शेंकडा १० ते १५ नें उतरतो. ज्याचा आंकडा थोडासा चढलेला आहे त्यास हें पुरतें. परंतु पथ्यानें सर्वांचें भागेल असें सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यास एकदां झटका येऊन गेला आहे, ज्यास मधुमेह आहे, किंवा ज्याचा एलडीएल फारच वर आहे, त्यास औषध लागतें. आणि याच ठिकाणीं आपले लोक बिचकतात.

या औषधाची जन्मकथा शेतकऱ्यांनीं ऐकण्यासारखी आहे. जपानच्या उत्तरेस आकिता नांवाच्या प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले अकिरा एंडो लहानपणापासून आळंबीं व बुरशा यांच्या नादीं लागलेले होते. बुरशी आपला बचाव करण्यासाठीं असें कांहीं द्रव्य निर्माण करीत असेल कीं ज्यायोगें दुसऱ्या जिवांस कोलेस्टेरॉल बनवितां येऊं नये, असा तर्क करून त्यांनीं १९७१ सालीं शोध आरंभला. सुमारें सहा हजार बुरशा तपासल्या. १९७३ सालीं क्योतो येथील धान्याच्या दुकानांतील तांदुळावर वाढलेल्या एका निळसर हिरव्या बुरशींत तें द्रव्य सांपडलें. त्याच जातीचें पहिलें औषध १९८७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. आज त्या कुळांतील औषधांस स्टॅटिन म्हणतात, आणि जगांत कोट्यवधि माणसें तीं घेतात. एंडो २०२४ सालीं वारले. आपण तासगांवकडे वर्षभर डावणी व भुरीशीं झगडतों, हळदीच्या कंदकुजीपायीं हैराण होतों. बुरशीनें माणसाचें एवढें देणें द्यावें, हा योग मोठा विलक्षण वाटतो.

या औषधाचा गुण अनुभवाच्या जोरावर सांगितलेला नाहीं. १ लाख ७० हजार माणसांवर झालेल्या २६ प्रयोगांचा एकत्र विचार २०१० सालीं प्रसिद्ध झाला. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमनें उतरला कीं झटका, पक्षाघात यांसारखे मोठे प्रसंग सुमारें पंचमांशानें कमी होतात, असें त्यांत दिसलें. औषधाचे दोषहि आहेत. कांहींचे स्नायू दुखतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर किंचित चढते. गरोदरपणीं तें सहसा देत नाहींत. अशा वेळीं डॉक्टरांस सांगून मात्रा किंवा औषध बदलून घ्यावें, स्वतः बंद करूं नये. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. यांतील कांहीं गोळ्यांबरोबर 'ग्रेपफ्रूट' खाऊं नये अशी सूचना असते. ती वाचून एका द्राक्षबागाईतदारानें आपल्याच बागेचीं द्राक्षें खाणें सोडलें होतें. ग्रेपफ्रूट हें पपनसाच्या जातीचें आंबट फळ आहे; तासगांवच्या द्राक्षाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

आमच्या पाहण्यांत सर्वांत घातक चूक निराळीच आहे. गोळी सुरू होते, तीन महिन्यांनीं रक्त तपासतात, आंकडा खालीं आलेला दिसतो, आणि माणूस "बरें झालें" म्हणून गोळी सोडतो. आंकडा गोळीनें खालीं होता. गोळी गेली, आंकडा परत आला. निचऱ्याच्या नळ्यांतून क्षार वाहून गेला म्हणून कोणी नळ्या उपटून टाकीत नाहीं. दुसरी चूक मोबाईलवरून येते. लसूण, आलें, लिंबू व व्हिनेगर उकळून केलेला काढा बंद धमन्या उघडतो, असा मजकूर दर महिन्यास कोणीतरी आम्हांस पाठवितो. चटणींत लसूण खुशाल खावा. परंतु त्या काढ्याच्या भरंवशावर गोळी सोडलेल्या माणसाचें काय झालें, हें सांगणारा मजकूर कोणी पाठवीत नाहीं.

मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें तेव्हांपासून हा मुलूख वैद्यकीच्या बाबतींत उघडा पडलेला नाहीं. मिरज, सांगली, कराड, सातारा येथें हृदयावर उपचार करणारे डॉक्टर आहेत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेखालीं नेमलेल्या रुग्णालयांत धमनी उघडण्याच्या उपचाराचा खर्चहि मिळतो. स्टॅटिनच्या साध्या गोळ्या जनऔषधि दुकानांत अल्प किंमतीस मिळतात. १०८ क्रमांकावर गाडी येते. छातींत, जबड्यांत किंवा डाव्या हातांत कळ येऊन घाम सुटला तर सोडा न पाजतां तो क्रमांक लावावा. उणीव आहे ती शेवटच्या पायरीची नव्हे, पहिल्या पायरीची.

ती पायरी अशी. तिसाव्या वर्षीं, आणि घरांत कोणास लवकर हृदयविकार झाला असेल तर त्याहिपूर्वीं, सकाळीं रिकाम्या पोटीं रक्त देऊन 'लिपिड प्रोफाईल' करून घ्यावें. आंकडे आले कीं एकूण कोलेस्टेरॉलवरच बोट ठेवून थांबूं नये. नुसत्या सामूवरून जमिनीची परीक्षा होत नाहीं तसें तें आहे. एलडीएल पाहावा. निरोगी माणसाचा तो १०० च्या खालीं असावा. १३० च्या वर गेला तर पथ्य व पुन्हां तपासणी. १६० च्या वर असेल तर डॉक्टरांची भेट टाळूं नये. ज्यांस झटका येऊन गेला आहे त्यांचा तो ७० च्या, कित्येकांचा तर ५० च्याहि खालीं ठेवावा लागतो. तेथें इतरांचा आंकडा लावून समाधान मानूं नये. औषध सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनीं पुन्हां रक्त पाहावें.

आणि १९० च्या वर निघाला तर तो बहुधा जेवणाचा दोष नसून बियाण्याचा असतो. अडीचशें-तीनशें माणसांत एकाच्या कुळांत यकृतानें रक्तांतला एलडीएल उचलण्याची शक्तीच कमी असते, व ती उणीव आईकडून किंवा बापाकडून मुलास येते. ज्या स्नेह्यांची हकीकत आरंभीं सांगितली, त्यांच्या थोरल्या मुलास आम्हीं आग्रहानें रक्त देण्यास लाविलें. वय २२, अंगानें सडसडीत, तालमींत जाणारा. एलडीएल २१४ निघाला. मग धाकटा भाऊ, चुलते, आत्या अशी तपासणी झाली, आणि आणखी दोघांचे आंकडे तसेच निघाले. मुलगा आतां गोळी घेतो. आजोबाहि पन्नाशीच्या आंत 'कळ येऊन' गेले होते, हें त्याच्या आजीनें तेव्हां प्रथमच सांगितलें.

घरांतील बायकांविषयीं येथें लिहिलेंच पाहिजे. हा पुरुषांचा रोग आहे असें समजून त्यांचें रक्त कोणी पाहत नाहीं. पाळी जाईपर्यंत त्यांस थोडें संरक्षण असतें, पुढें तें उरत नाहीं. आणि त्यांचा झटका छातींत कळ न येतां नुसता थकवा, मळमळ, पाठींत दुखणें अशा रूपानें येण्याचा संभव पुरुषांपेक्षां अधिक असतो. सर्वांमागून उरलेलें खाणारी, दुखणें अंगावर काढणारी बाई दवाखान्यांत सर्वांत उशिरां पोंचते. सातबाऱ्यावर तिचें नांव असो वा नसो, तपासणीच्या यादींत तें पहिलें असावें.

राहिला प्रश्न संस्थांचा. सोसायटी व कारखाना यांनीं तपासणीचीं शिबिरें भरवावींत असें म्हणणें सोपें आहे, शिबिरें भरतातहि. पुढाऱ्यांचे हार, छायाचित्र, रांगेंत उभे राहून दिलेलें रक्त, आणि आठ दिवसांनीं मिळालेला कागद घडी करून कोनाड्यांत. पुढें कोणी विचारीत नाहीं. अशा शिबिरांनीं एकहि मृत्यु टळत नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ सालीं निघाली तेव्हां जेथें जेथें गांवच्या कृषिसहायकानें पत्रिका हातांत घेऊन शेतकऱ्याशीं बसून हिशेब केला तेथें खताचा खर्च उतरला. जेथें पत्रिका नुसती वांटली तेथें ती पिशवींत गेली. म्हणून आमची सूचना अशी कीं आपल्या संस्थेनें नफ्यांतून कल्याणकार्यासाठीं काढलेल्या रकमेंतून तिसाच्या वरील प्रत्येक सभासदाची व त्याच्या पत्नीची तपासणी करावी; ज्यांचे आंकडे वर निघतील त्यांस तीन महिन्यांनीं, व पुढें वर्षांतून एकदां, घरीं जाऊन विचारण्याचें काम प्रत्येक गांवांत एका माणसाकडे नेमून द्यावें. आंकडा ज्याचा त्यानें आपल्याजवळ ठेवावा; तो चारचौघांत वाचून दाखविण्याचें कारण नाहीं. विचारणाऱ्यानें एवढेंच विचारावें कीं पुन्हां रक्त दिलें का, आणि गोळी चालू आहे का. खर्च किती येईल याचा अंदाज आम्हीं दोन प्रयोगशाळांकडून मागविला आहे. गेल्या वर्षीं सभेच्या दिवशींच्या मांडवावर व जेवणावर झालेल्या खर्चापेक्षां तो अधिक होणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

येत्या वार्षिक साधारण सभेपुढें हा ठराव आम्ही स्वतः मांडणार आहों. ठराव मंजूर होण्याची वाट न पाहतां त्याच सकाळीं मांडवाच्या बाजूस रक्त घेण्याची व्यवस्था केलेली आहे. सभासदांनीं सपत्नीक व रिकाम्या पोटीं यावें. पाणी पिण्यास हरकत नाहीं. चहा रक्त दिल्यानंतर मिळेल.